सतरंजीवर कोणी बसायचं?

प्रश्न असा आला आहे. नाशिकला गंगापूर रोडवर बारा-पंधरा मुलींचा एक अभ्यासगट दर रविवारी भरतो. गेल्या महिन्यात एका पारलिंगी मुलीने (म्हणजे जन्मल्यावर मुलगा ठरवली गेली, पण स्वतःला मुलगी म्हणून जाणते) 'मी येऊ का?' असं विचारलं. त्यावर गटात वाद झाला. दोघींचं म्हणणं, ही बायकांची जागा आहे, ती आली तर मोकळं बोलता येणार नाही. तिसरी म्हणाली, शरीराने जी बाई नाही ती बाई कशी? गटातली एक बौद्ध मैत्रीण म्हणाली, 'तुमच्या बायकांच्या जागेत आम्ही तरी कधी होतो?' आणि कॉलेजातले सर म्हणाले, हे सगळं ओळखीचं राजकारण (आयडेंटिटी पॉलिटिक्स, 'आम्ही कोण' यावर उभं राहणारं राजकारण) आहे, याने चळवळ फुटते. प्रश्न विचारणारी लिहिते, 'ताई, मी कोणाच्या बाजूने उभी राहू?'

बाळा, आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. तिला येऊ दे. पण ज्या दोघी अवघडल्या आहेत, त्यांना मागासलेल्या ठरवून गप्प बसवू नकोस. तसं केलंस तर ती आली तरी कोणी तिच्याशी बोलणार नाही.

मी तीस वर्षं नाशिकमध्ये बायकांच्या समुपदेशनाचं आणि लिंगभावाच्या शिबिरांचं काम करते. या वादातली पुस्तकं मी वाचली आहेत, पण मला हा विषय खरा कळला तो एका क्रियापदातून. सातपूरला एका समाजमंदिरात आमची बैठक होती. दाराशी चपलांचा ढीग, आत सतरंजी, मधे स्टीलचा पाण्याचा पिंप. एक मुलगी उंबऱ्यापाशी उभी राहिली. पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही हातांत घट्ट धरलेली. मी म्हटलं, ये की. ती म्हणाली, 'मी मघाशीच आलो...' थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, 'आले.' त्या एका शब्दाला तिला किती बळ लागलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इंग्रजीत 'आय केम' म्हणताना कोणाला काही ठरवावं लागत नाही. मराठीत मात्र 'मी जेवलो' की 'मी जेवले' हे पदोपदी ठरवावं लागतं. घरात, दुकानात, रिक्षात, दिवसातून शंभरदा. आपल्या भाषेत ही गोष्ट लपवताच येत नाही. (तरी कोल्हापूरकडच्या बायका बिनदिक्कत 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाबद्दल कोणाला शंका येत नाही. व्याकरणातलं लिंगही आपण समजतो तेवढं पक्कं नसतं.)

शब्दांचं एकदा नीट करून घेऊ, कारण निम्मी भांडणं शब्द एकमेकांत मिसळल्याने होतात. मराठीत 'लिंग' हा एकच शब्द शरीरालाही वापरतात आणि व्याकरणालाही. म्हणून स्त्री अभ्यासात 'लिंगभाव' हा वेगळा शब्द रुळला: बाईने कसं बसावं, पुरुषाने रडावं की नाही, कोणाचं ताट आधी वाढायचं, हे जे समाज शिकवतो ते. 'लैंगिकता' म्हणजे ओढ कोणाबद्दल वाटते ते. 'लिंगभाव ओळख' म्हणजे आपण स्वतःला काय म्हणून जाणतो ते. पारलिंगी असणं आणि समलिंगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिबिरात शिकलेसवरलेले लोकही त्या एक करतात. 'उभयलिंगी' हा शब्द तर कोणी दोघांचीही ओढ असणाऱ्या माणसासाठी वापरतं, कोणी शरीराची ठेवण जन्मतः वेगळी असणाऱ्यासाठी. म्हणून मी तो टाळते आणि काय म्हणायचं आहे ते सरळ सांगते. 'तृतीयपंथी' हा शब्द आपल्याकडे सर्वांत जास्त चालतो, पण सगळ्या पारलिंगी बायका स्वतःला तिसऱ्या कशातल्या मानत नाहीत. ज्यांना गुरू-चेल्याची परंपरा आहे, ज्या कोजागिरीला सप्तशृंगी गडावर छबिन्याला जातात, त्यांच्यातल्या अनेकींना तो शब्द आपलासा वाटतो. नोकरी करणाऱ्या तुझ्या वयाच्या मुलीला वाटेलच असं नाही. तिलाच विचार.

आता सरांचा मुद्दा. ओळखीच्या राजकारणाने चळवळ फुटते, असं मीही एके काळी म्हणत असे. मग हा शब्द आला कुठून ते वाचलं. अमेरिकेत बॉस्टनमधल्या काळ्या स्त्रीवादी बायकांच्या एका गटाने, कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हने, १९७७ मध्ये आपलं निवेदन काढलं. 'ओळखीचं राजकारण' हा शब्दप्रयोग तिथून पुढे चालत आला. त्यांचा मुद्दा सरळ होता: गोऱ्या बायकांच्या चळवळीत आमचा वंश दिसत नाही, काळ्या पुरुषांच्या चळवळीत आमचं बाईपण दिसत नाही, तर आमच्या मुक्तीची सुरुवात आम्हालाच आमच्यापासून करावी लागेल. इतरांशी नातं तोडायचं असं त्या म्हणत नव्हत्या. पुढे १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने याच गुंत्याला 'इंटरसेक्शनॅलिटी' हे नाव दिलं, मराठीत आपण आंतरछेदिता म्हणतो. तिने जनरल मोटर्सचा खटला पुढे ठेवला. कंपनीचं म्हणणं, आम्ही बायका घेतो (त्या गोऱ्या, ऑफिसात) आणि काळेही घेतो (ते पुरुष, कारखान्यात). काळ्या बायकांनी दाद मागितली तर कोर्ट म्हणालं, बाई म्हणून तक्रार करा नाहीतर काळ्या म्हणून, दोन्हींची मोट बांधता येणार नाही.

हे वाचताना मला दिंडोरीकडच्या द्राक्षबागा दिसल्या. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, विरळणीला बायका लागतात, मुकादम मजुरी ठरवतो. अशाच एका टोळीतली बाई आमच्याकडे आली. मुकादम हात लावतो, नाही म्हटलं तर मजुरी कापतो. तिचे कागद करताना टेबलावर दोन गठ्ठे झाले. कामाच्या ठिकाणच्या छळाचा २०१३ चा कायदा तिला स्थानिक समितीकडे पाठवत होता, तिथे पहिला प्रश्न 'नोकरी कुठे?' हा. अॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा तिच्या आदिवासी असण्याकडे पाहत होता, तिथे प्रश्न जातीच्या दाखल्याचा. मजुरीचा प्रश्न तिसऱ्याच दारात. बाई एक आणि त्रासही एकच, पण दर दारात तिने आपला एक तुकडा बाहेर ठेवून आत जायचं. ती जेव्हा 'मी आदिवासी बाई' असं एका दमात म्हणते, तेव्हा ती काही फोडत नसते. आपण केलेले तुकडे ती जोडत असते. सरांना हे सांग. आणि त्यांचा एक मुद्दा मान्यही कर: ओळख सांगून झाल्यावर पुढे काहीच मागायचं नसेल, मजुरी नाही, जमीन नाही, सुरक्षितता नाही, तर ते राजकारण पोकळ होतं. असंही मी पाहिलं आहे. व्यासपीठावर प्रत्येक प्रकारचं एक माणूस बसवलं की काम झालं, असं मानणारे कार्यक्रम दर ८ मार्चला होतात.

तुझ्या बौद्ध मैत्रिणीने विचारलेला प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो नाशिकमध्ये विचारला गेला याचं मला नवल वाटत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायका होत्या, त्या पुढे होत्या. पण महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीचा इतिहास सांगताना पंचवटीतल्या त्या बायका कितीदा येतात? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध केलं. जवळजवळ साठ वर्षं गेली होती. १९९५ मध्ये राजकीय विचारवंत गोपाळ गुरूंनी दलित स्त्रिया वेगळं का बोलतात यावर लिहिलं. त्यानंतर पुण्यात स्त्रीवादी अभ्यासक शर्मिला रेगे यांनी त्या मांडणीत एक मोलाची भर घातली: दलित बायकांच्या उभं राहण्याच्या जागेवरून जग पाहणं हे फक्त दलित बायकांचं काम नाही. इतरांनीही ते शिकायचं आहे, स्वतःला बदलून. मला हे फार पटतं. नाहीतर आपण 'तुमचा प्रश्न तुम्ही बोला' म्हणून हात झटकतो आणि त्यालाच आदर म्हणतो.

२००५ चा डान्सबारबंदीचा वाद तू पाहिला नसशील. राज्य सरकारने बारमधल्या नाचावर बंदी घातली, पण मोठ्या तारांकित हॉटेलांना सूट ठेवली. आम्ही कार्यकर्त्या उभ्या दुभंगलो. काही जणींचं म्हणणं, हा बाईच्या शरीराचा बाजार आहे, बंद झालाच पाहिजे. मुंबईतल्या संघटना म्हणत होत्या, हे काम आहे, पोट आहे, आणि सरकार नैतिकतेच्या नावाने गरीब बायकांना रस्त्यावर आणतंय. मग दलित स्त्रीवादी बायकांनी तिसरी गोष्ट विचारली: नाचायला येणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या नाचायला लावलेल्या जातींतल्या मुली इतक्या कशा? 'निवड' आणि 'बाजार' या दोन शब्दांत जात कुठे बसते? २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. बंदी चूक होती असंच मी आजही म्हणते. पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर न देता आम्ही जिंकलो आणि ते उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

आता 'शरीराने बाई नाही' हा मुद्दा. याला उडवून लावू नकोस, त्यात तथ्य आहे. सोनोग्राफीच्या मशीनला मुलीची ओळख कळत नाही, तिला शरीर दिसतं आणि ते पाहून मुली मारल्या गेल्या. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. पाळीत बाजूला बसवणं, मूल होत नाही म्हणून टाकणं, गर्भपिशवी काढून मोकळं होण्याचा सल्ला, हे सगळं शरीराला धरून होतं. त्यामुळे 'शरीर काही नसतं' असं जो म्हणतो त्याच्याशी माझं पटत नाही. बाळंतपण, पाळी, गर्भपात यावर बोलायला बायकांना त्यांचे शब्द हवेत आणि ते कोणी काढून घेऊ नयेत.

पण शाळेत एखादा मुलगा नाजूक चालला, तर पोरं त्याला काय म्हणतात? बायल्या. ही शिवी नीट ऐक. त्यात 'बाई' आहे. बाई असणं हे कमीपणाचं, हे गृहीत धरल्याशिवाय ही शिवी तयारच होत नाही. ज्या घरात सुनेला 'पायातली वहाण पायात' म्हणतात, त्याच घरात असा मुलगा पट्ट्याने मार खातो. मी दोघांच्याही पाठीवरचे वळ पाहिले आहेत. सोनोग्राफी मुलीला शरीरामुळे मारते आणि बाप या मुलाला बाईपणामुळे मारतो, पण मारणारा विचार एकच. म्हणून मला पारलिंगी बाईचा प्रश्न स्त्रीवादाच्या बाहेरचा वाटत नाही, तो त्याच्या मुळाशीच आहे.

याच मुद्द्यावरची ब्रिटनमधली भांडणं तुमच्या मोबाइलवर येतात, ते मला ठाऊक आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या समानता कायद्यातल्या 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जैविक लिंग असा लावला. तो त्यांच्या कायद्याच्या शब्दांचा निकाल आहे. आपल्या न्यायालयाने वेगळा रस्ता धरला. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातल्या) निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपलं लिंग काय हे ज्याचं त्याने सांगायचं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. पाच वर्षांनी संसदेने केलेल्या कायद्यात मात्र जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आलं, आणि त्यावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' असं हवं असेल तर शस्त्रक्रियेची अट. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने आवळलं, असं तेव्हा पारलिंगी कार्यकर्त्यांनी म्हटलं. ते खरंच होतं.

कायद्यातला सर्वांत कठीण वाद बलात्काराच्या व्याख्येचा आहे आणि तिथे दोन्ही बाजूंची माणसं माझी आहेत, म्हणून तो सावकाश सांगते. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर कायदा सुधारण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये आला. समितीचं म्हणणं, अत्याचार सोसणारी व्यक्ती कोणीही असू शकते, बाई, पुरुष, पारलिंगी. फेब्रुवारीत सरकारने अध्यादेश काढला, त्यात मात्र अत्याचार करणाराही कोणत्याही लिंगाचा असू शकेल असं केलं. आम्ही बायकांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. कारण तक्रार करायला गेलेल्या बाईवर उलटी तक्रार ठोकणं ही इथली रोजची रीत आहे. हुंड्याच्या तक्रारीत आम्ही ते किती पाहिलं! आमचा विरोध बरोबर होता. पण शेवटी जो कायदा झाला, त्यात करणारा पुरुष आणि सोसणारी फक्त बाई, असं राहिलं. म्हणजे वर्मा समितीने सोसणाऱ्यांसाठी उघडलेलं दारही बंद झालं आणि त्या वेळी त्यासाठी आम्ही पुरेसा आवाज केला नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तो मुलगा-मुलगी पाहत नाही. बाकीच्या प्रौढांसाठी उरलं जुन्या दंड संहितेतलं 'अनैसर्गिक' संबंधांचं ३७७ कलम. तेच कलम समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवत होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयाने संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले आणि जबरदस्तीपुरतं कलम ठेवलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात त्या कलमाच्या जागी काहीच ठेवलं नाही. २०१९ च्या पारलिंगी कायद्याने अशा व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. हीच ती मुलगी, जी तुमच्या गटात येऊ का म्हणून विचारते. दोघींना एकाच गल्लीत एकाच माणसाने गाठलं तर कायदा दोघींच्या दुःखाची किंमत अशी वेगवेगळी लावतो. तुमच्या अभ्यासगटाने एखादा महिना यावरच घालवला तरी चालेल.

ओढीबद्दल, म्हणजे लैंगिकतेबद्दल, थोडंच लिहिते, कारण तुझा प्रश्न त्यावर नाही. आमच्याकडे दोन मुली आल्या होत्या, निफाडकडच्या. एकीचं लग्न अक्षय्य तृतीयेला ठरवलं होतं. पोलिसांत 'पळवून नेलं' अशी तक्रार झालेली. दोघी सज्ञान. ३७७ चा धाक त्यांना नव्हता, धाक होता मामांचा. बायकांच्या प्रेमाला पोलिसांच्या आधी घर अडवतं. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देणं न्यायालयाने संसदेवर सोडलं, तेव्हा अनेकींचं पहिलं मागणं लग्नाचं नव्हतंच. जन्माच्या घरापासून संरक्षण मिळावं, हे होतं.

आता तुझ्या दोन अवघडलेल्या मैत्रिणींकडे येऊ. जागा सगळ्यांना उघडी असावी की नाही, हे 'ती कोण आहे' यावर ठरवायला गेलं की वाद संपत नाही. जागा कशासाठी आहे ते विचार. वाचन, चर्चा, मोर्चाची तयारी, रस्त्यावरच्या छेडछाडीविरुद्धचं काम, यात तिला न घेण्याचं एकही कारण मला सापडत नाही. पण समज, लहानपणी घरातच अत्याचार झालेल्या पाच जणी आपसांत बोलायला बसतात. त्या पाच जणींनी मिळून ठरवावं कोण बसेल, आणि तिथे मलाही 'नको' म्हणायचा त्यांना हक्क आहे. मला कित्येकदा म्हटलंय. दलित बायकांची वेगळी बैठक असते, एकट्या बायकांची असते, पारलिंगींचीही असावी. दार बंद असलेली छोटी खोली आणि दार उघडं असलेलं सभागृह, दोन्ही लागतात. घोटाळा होतो तो सभागृहाला खोलीचा नियम लावल्याने.

आणि आमची चूकही सांगते. घरगुती हिंसेचा २००५ चा कायदा लागू झाल्यावरच्या सुरुवातीच्या वर्षांत एक पारलिंगी बाई आमच्या केंद्रावर आली होती. बरोबर राहणाऱ्या पुरुषाने मारलं होतं, कानातून रक्त येत होतं. आमच्या नोंदवहीत रकाने होते: माहेर, सासर, लग्नाची तारीख, मुलं किती. मी पेन धरून बसले आणि एकही रकाना भरता येईना. शेवटी म्हटलं, हे केंद्र महिलांसाठी आहे, आधी दवाखान्यात जा. दवाखान्यात तिला बायकांच्या वॉर्डात घेईनात, पुरुषांच्या वॉर्डात ती जाईना, रात्र बाकावर गेली. हे मला तिनेच नंतर सांगितलं, अजिबात न चिडता. तेव्हापासून आमच्या नोंदवहीत पहिला रकाना आहे: काय झालं? दुसरा: आज रात्री झोपायला सुरक्षित जागा आहे का? नाव, लिंग, जात, लग्न हे सगळं नंतर, आणि ती सांगेल तसं.

रविवारी एवढं कर. आधी गटात तिच्याशिवाय तासभर बोला, पण तिच्याबद्दल नको. मोकळं बोलता येणार नाही म्हणजे नेमकं काय बोलता येणार नाही, ते प्रत्येकीने सांगावं. बहुतेक वेळा यादीत पाळी, शरीर आणि घरातले पुरुष निघतात. त्यातल्या कशासाठी छोटी बैठक हवी वाटली तर ती वेगळ्या दिवशी ठेवा. तुझ्या बौद्ध मैत्रिणीला पहिलं बोलू दे, आणि ती बोलताना 'आमच्या मनात तसं काही नव्हतं' हे वाक्य कोणी म्हणू नका. मग त्या मुलीला तू स्वतः फोन कर, ग्रुपवर निरोप टाकू नकोस. कोणत्या नावाने हाक मारू ते विचार आणि पहिल्या दिवशी तिला तिची कहाणी सांगायला लावू नका. ती पुस्तक वाचायला येतेय. हॉलवाल्याकडून बाथरूमची किल्ली आधीच घेऊन ठेव, म्हणजे तिला कोणाला विचारावं लागणार नाही.